जा म्हटलं की ये

"‘ये’ राहिला, बाई. पाठवलेल्या माणसाला परत आणलंच नाहीस तू. बिचारा अजून तिकडेच उभा असेल खिडकीपाशी, तुझी वाट बघत."

थोरली हे बोलायची ती खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून. हात मांडीवर, बोटांत बोटं गुंतवलेली. तिच्या पाठीशी काळा काचेचा पडदा, पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि अक्षरांवर बोट टेकवून मोठ्यानं वाचणारी धाकटी. बस डेपोच्या यंत्रखोलीत त्या दोघीच. बहिणी नव्हेत. एकीच्या मागून दुसरी नोकरीला लागली एवढंच, पण डेपोनं मिळून त्यांची थोरली-धाकटी करून टाकली आणि खरी नावं हजेरीपुरती उरली.

कोणत्या बसवर कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, कुठली फेरी, हा रोजचा कागद यंत्र छापायचं. तो कसा छापायचा ते यंत्राला समजावणाऱ्या स्क्रिप्ट या दोघींच्या. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची माळ. त्यात एखाद्या हुकमाच्या पोटात दुसरा हुकूम असायचा. ‘या बसपुढं आजच्या ड्रायव्हरचं नाव छाप’ हा बाहेरचा. पण नाव यंत्राला कुठलं ठाऊक? मग मधेच एक माणूस धाडायचा. जा, रजा बघ, पाळी बघ, नाव विचारून ये. तो येईपर्यंत बाहेरचा हुकूम उंबऱ्यावर खोळंबलेला. तो आला, त्यानं आणलेलं नाव त्याच जागेवर बसलं, की छपाई पुढं.

या पोटातल्या हुकमाच्या दोन्ही अंगांना एकेक तिरकी खूण, मुंगीच्या पायाएवढी. कीबोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तिची जागा. थोरलीनं तिचं नाव टिचकी ठेवलं होतं. एक टिचकी वाजवली की माणूस गेला, दुसरी वाजवली की आला. खोड एवढीच की जातानाची टिचकी आणि येतानाची टिचकी दिसायला एकच. कोण निघालंय आणि कोण परततंय, बघून कळायचं नाही. म्हणून थोरलीनं रीत घालून दिली होती. लिहून झालेली प्रत्येक स्क्रिप्ट धाकटीनं मोठ्यानं वाचायची. पहिल्या टिचकीला ‘जा’ म्हणायचं, दुसरीला ‘ये’. जा, रजा बघ, ये. जा, पाळी बघ, ये. बाहेर गाड्यांची घरघर आणि आत हा पाळण्यासारखा झोका.

"आधी पोटातलं, मग ओठातलं," थोरली म्हणायची. "यंत्राला कळतं ते. माणसं पोटातलं पोटातच ठेवून आयुष्यभर बाहेरचंच बोलत बसतात."

आणि नोकरीच्या शेवटच्या दिवशी, दारात, पिशवी खांद्याला लावता लावता म्हणाली होती, "सगळं तुझ्या डोळ्यांवर टाकून चालले बघ. डोळ्यांत तेल घालून बसणारी आहेस तू. मला कसला घोर?"

तेच वाक्य धाकटीच्या गळ्यात अडकून बसलं होतं. आता धाकटीचेही केस पिकले. जुने ड्रायव्हर अजून ताई म्हणत, नवे मावशी. थोरली दूरच्या गावी भाचीकडे राहायला गेली, आणि यंत्रखोलीतली दुसरी खुर्ची पाठदुखीनं गाडीवरून उतरवलेल्या एका कंडक्टरच्या वाट्याला आली. त्याला डेपोत बैठं काम दिलं होतं, म्हणजे तसं कामच नव्हतं. गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारातून पुढच्या दारापर्यंत पोचणारा त्याचा आवाज. म्हणून त्याला सगळे भोंगा म्हणत. भोंगा शिक्के मारी, फोन उचले आणि उरलेल्या वेळात बोले.

"ताई, एक विचारू? राग येणार नाही ना?"

"येईल. विचारा."

"तुम्ही त्या टिचक्या कधी काढू देत नव्हता. मुख्य कार्यालयाचा तो चष्मेवाला इंजिनिअर हात जोडून गेला. चालत्या गाडीला खीळ कशाला घालता, असं म्हणाला होतात तुम्ही त्याला. आणि आता नवं यंत्र येणार म्हटल्यावर स्वतःहून म्हणालात, मीच सगळ्या बदलते. हे कसं काय बुवा?"

"काळाबरोबर चालावं माणसानं."

"हां," भोंगा म्हणाला. "माझी बायको असं बोलली की मी समजतो, काहीतरी लपवतेय."

धाकटी हसली. हसताना तिनं रुमालानं पडदा पुसला.

हे पुसणं अलीकडचं. सुरुवात धुळीनं झाली होती. पडद्यावर एक टिचकी दिसायची, जिथं असायला नको तिथं. धाकटी मजकूर वरखाली सरकवून बघायची. मजकुराबरोबर सरकली तर टिचकी, जागच्या जागी राहिली तर धूळ. सोपी परीक्षा होती, आणि कितीतरी दिवस त्या परीक्षेवर तिनं निभावून नेलं. मग एक तिसराच ठिपका आला. तो मजकुराबरोबर सरकत नव्हता आणि काचेवर थांबतही नव्हता. ती जिथं बघेल तिथं तो तिच्या आधी जाऊन बसायचा. भिंतीवर बघितलं तर भिंतीवर. भोंग्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्याच्या तोंडावर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला चौकटींचा कागद दाखवला होता. रेघा मधोमध वाकल्या होत्या, पाण्यात बुडलेल्या काठीसारख्या.

"डोळ्याच्या मागच्या पडद्याची झीज आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चष्मा बदलून उपयोग नाही. बाजूचं दिसत राहील तुम्हाला. ज्याच्याकडे बघाल तेवढंच जाईल. बारीक काम कमी करा. घरी कोण असतं?"

"असतात सगळे," धाकटी म्हणाली.

घरी एक खिडकी होती, एक खाट, दोन कप, आणि त्यांतला एक कधी न विसळावा लागणारा. वरच्या मजल्यावर कुणाची तरी खुर्ची सरकायची, तेवढीच सोबत. संध्याकाळी ती दिवा न लावता बसे. दिवा लावला की ठिपका दिसे; अंधारात सगळंच सारखं, कुणाचं काही गेल्यासारखं वाटत नसे. सुट्टीच्या दिवशी तर सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तिचं तोंड फक्त खाण्यापुरतं उघडे. डेपोत निदान कुणीतरी दारातून डोकावून म्हणे, "मावशी, माझी उद्याची गाडी कुठली?" आपलं नाव नसेल, पण आपल्याला विचारून पुढं जाणारं माणूस आहे, एवढ्यावर तिचे दिवस चालले होते. डोळ्यांचं बाहेर पडलं तर साहेब वाईट माणूस नव्हे, पण घरी बसवणार. आणि घरी बसवलं की मग त्या दोन कपांसमोर बसायचं.

म्हणून टिचक्या काढायच्या होत्या. नव्या रीतीत पोटातल्या हुकमाला डॉलरची खूण आणि कंस. कंस पोट सुटल्यासारखा मोठा. उघडणारा वेगळा, मिटणारा वेगळा. निघालेला कोण, परतलेला कोण, बघताक्षणी कळावं. अंधूक नजरेलाही हात धरून नेईल अशी ती खूण. एकदा सगळ्या स्क्रिप्टांतून टिचक्या गेल्या, कंस आले, की निवृत्तीपर्यंत रेटता येईल, कुणाला काही कळणार नाही, असा तिचा हिशेब. चष्मेवाला इंजिनिअर ज्याला सुधारणा म्हणत होता, तो तिच्यासाठी आंधळ्याच्या हातातला काठीचा आधार होता.

काम जिवावरचं होतं. एकेक ओळ ती डोकं तिरपं करून वाची, पाखरू दाणा बघतं तसं, कडेच्या नजरेनं. कडेची नजर शाबूत होती. पण कडेच्या नजरेला घाई फार. ओळ धरून राहत नाही, निसटते.

"मान अवघडली का, ताई?" भोंगा विचारी.

"हो."

"माझी पाठ, तुमची मान. दोघं मिळून एक धड माणूस होईल."

जाताना भोंगा रोज म्हणे, "अच्छा ताई, येतो." ती मान हलवी. त्याच्या पावलांचा आवाज जिन्यावरून उतरून जाई, आणि खोलीत यंत्राची भुणभुण तेवढी उरे.

नव्या यंत्रावरून पहिला कागद निघाला त्या सकाळी धाकटी लवकर आली. कागद तिनं हातात घेऊन बघितला. रकाने भरलेले. प्रत्येक बसपुढं काहीतरी छापलेलं. तिनं कडेच्या नजरेनं वरून खाली बघितलं, कुठं पांढरं सुटलेलं नव्हतं. तिनं कागद बाहेरच्या फळ्यावर लावला आणि खुर्चीत येऊन बसली. तिच्या मनात पहिल्यांदाच आलं, जमलं बाई.

मग बाहेर हशा पिकला.

"ए, माझं नाव काय आलंय बघ रे. डॉलर, कंस, आणखी कायतरी विंग्रजी."

"माझंही तेच. आपण दोघं एकाच आईची लेकरं निघालो."

"डॉलर छापलाय म्हणजे पगार डॉलरमध्ये होणार वाटतं. मावशी, बायकोला कळवू का?"

"कळवू नकोस, लगेच मागेल."

धाकटी उठून दारात आली. फळ्यासमोर खाकी कपड्यांचा घोळका. ती बघेल त्याचं तोंड ठिपक्याखाली जात होतं आणि आजूबाजूची सगळी तोंडं हसत होती. पहिल्या फेरीचा म्हातारा ड्रायव्हर तेवढा हसत नव्हता. तो म्हणाला, "ताई, गाड्या खोळंबल्यात."

झालं होतं एवढंच. जुन्या स्क्रिप्टमध्ये तो पोटातला हुकूम एका जोडखुणेच्या आत होता. जोडखूण म्हणजे वर दोन बारीक रेघा. नवी ओळ लिहिताना धाकटीला त्या दोन रेघांची एकच दिसली आणि तिनं एकेरी खूण टंकली. जोडखूण म्हणजे नुसतं झाकण. यंत्र ते उचलून आतला हुकूम पाळतं. एकेरी खूण म्हणजे कुलूप. आत जे असेल ते यंत्र न उघडता जसंच्या तसं छापतं. म्हणून नावं आणायला कुणी गेलंच नव्हतं. ज्या जागी उत्तर यायचं त्या जागी प्रश्नच उभा होता, प्रत्येक बसपुढं, ओळीनं.

भोंग्यानं जुनं यंत्र चालू केलं. त्याचा कागद काढून गाड्या सोडल्या. शेवटची बस फाटकाबाहेर पडली तेव्हा डेपोचे साहेब यंत्रखोलीत आले. ते दारातच थांबले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ताई, तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं."

"घाई झाली, साहेब."

"छापल्यावर बघितलं नव्हतं?"

"बघितलं होतं."

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. ते तिच्याकडे कसे बघतायत ते तिला दिसलं नाही.

"बरं. उद्या मुख्य कार्यालयाची माणसं येतायत. सगळ्या स्क्रिप्ट पुन्हा एकदा नजरेखालून घाला. ही एक पकडली गेली, आणखी असतील तर आपली शोभा होईल." जाता जाता ते वळले. "थकला असाल तर सांगा. तो चष्मेवाला यायला तयारच आहे."

"नाही नाही. मी घालते नजरेखालून."

ते गेल्यावर भोंग्यानं तिच्यापुढं चहाचा कप ठेवला, आणि कपाचा कान तिच्या हाताकडे वळवून ठेवला.

दुपारी धाकटी फोन घेऊन जिन्याच्या मधल्या पायरीवर जाऊन बसली. तिथं कुणी येत नसे. थोरलीचा नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

"आज मधल्याच वारी फोन?" थोरलीचा आवाज पातळ झाला होता, पण टोक तेच. "कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही, ताई. सहज केला."

"सहज फोन करणारी तू नव्हेस. बोल."

"टिचक्या काढतेय सगळ्या. कंस घालतेय."

थोरली हसली. हसता हसता तिला ठसका लागला. "बरं करतेस. मेल्या किडीच्या पायाएवढ्या. शेवटी शेवटी मला तर दिसतच नव्हत्या त्या."

जिन्याखालून एक बस मागं मागं सरकत होती. कुणीतरी ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडत होतं.

"दिसत नव्हत्या म्हणजे?"

"म्हणजे दिसत नव्हत्या. अगं, तुझ्याकडून रोज वाचून का घेत होते मी? हौस होती होय मला?"

"मला वाटायचं तुम्हाला सगळं पाठ आहे."

"पाठ कसलं डोंबल. कान होते, म्हणून निभावलं. तू ‘जा’ म्हटलंस की एक बोट दुमडायचं, ‘ये’ म्हटलंस की उघडायचं. शेवटी मूठ उघडी राहिली तर बरोबर. तुला खरंच कळलं नव्हतं?"

"नाही."

धाकटीच्या डोळ्यांसमोर ती खिडकीकडे वळलेली पाठ आली, ते मांडीवरचे गुंतलेले हात. बोटं मोजत होती ती. आणि आपल्याला वाटायचं, किती निवांत बसतात ताई. तिला क्षणभर राग आला. इतकी वर्षं आपण शिकतोय असं वाटत होतं, आणि आपण नुसते डोळे होतो कुणाचे तरी. मग राग जसा आला तसा ओसरला, आणि जागा रिकामी राहिली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू सांभाळून घेतलं असतंस. चुकलेलं मनातल्या मनात नीट करून वाचलं असतंस, म्हातारीला बरं वाटावं म्हणून. मग माझ्या कानांचा काय उपयोग?" फोनमध्ये श्वासाचा आवाज आला. "आणि भीती होती गं. घरी बसवतील. तेव्हा घरी माझं कोण होतं? ही भाची मागाहून आली. तेव्हा मला घर म्हणजे ती खोली आणि तुझं वाचणं."

धाकटीचं पोटातलं ओठांपर्यंत आलं. एकच वाक्य, फार लांबही नव्हतं. तेवढ्यात तिकडून कुणाची तरी हाक आली, औषधाची वेळ झाल्याची.

"आले गं, आले. ठेवते बाई. तुझे डोळे बरे आहेत ना?"

"आहेत," धाकटी म्हणाली.

फोन बंद झाल्यावरही तिनं तो कानाला धरून ठेवला. ठिपका समोरच्या भिंतीवर बसला होता. कडेला जिन्याचा कठडा, त्याच्या गजांतून दिसणारं फाटक, फाटकातून आत येणारी रिकामी बस, सगळं कसं स्वच्छ. फक्त ज्याच्याकडे बघावं तेवढंच नाही.

ती खोलीत परतली तेव्हा भोंगा शिक्के मारत होता. तिनं तिची खुर्ची ओढली. पण पडद्यासमोर नाही, खिडकीशी नेली.

"भोंगा, इकडे बसा. माझ्या जागेवर."

"मी? मला यातलं ओ की ठो कळत नाही, ताई."

"कळायचं काम माझं. तुम्ही फक्त दिसेल ते वाचा. उघडणारा कंस आला की ‘जा’ म्हणायचं, मिटणारा आला की ‘ये’. वरती रेघ असेल तर एक की दोन तेही सांगायचं. एकही सोडायची नाही."

भोंगा पाठ सांभाळत बसला. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग खिडकीकडे तोंड करून बसलेल्या तिच्याकडे. मग तो वाचू लागला. सुरुवातीला अडखळत, लहान पोरानं दुकानांच्या पाट्या वाचाव्यात तसा; मग हळूहळू त्याला लय सापडली. इतकी वर्षं गर्दीत थांब्यांची नावं ओरडलेला गळा तो. वरती दोन रेघा, जा, रजा, ये, पुन्हा दोन रेघा. धाकटीनं डोळे मिटले. हात मांडीवर ठेवले. ‘जा’ म्हटलं की बोट दुमडलं, ‘ये’ म्हटलं की उघडलं. एके ठिकाणी तिनं थांबवलं, "किती रेघा म्हणालात?" "एकच, ताई." "तिथं दोन करा." आणि भोंग्यानं जाडजूड बोटानं दोन केल्या. अशी आणखी एक सापडली. मग आणखी एक.

दारात सावली पडली. डोळे मिटलेले असूनही तिला ती कळली.

"हे काय?" साहेबांचा आवाज. "स्क्रिप्ट हा वाचतोय?"

"काही नाही साहेब," भोंगा चटकन म्हणाला. त्यानं पाठ सरळ करायचा प्रयत्न केला. "मीच मागं लागलो होतो, शिकवा म्हणून. रिकामा बसून कंटाळा येतो. ताई बिचाऱ्या ऐकतायत माझी कटकट. तपासून सगळं त्यांचं झालंय कधीच."

भोंग्यानं टाकलेली फळी भक्कम होती. तिच्यावरून चालत गेलं की पलीकडे निवृत्ती, निरोप, आणि कुणाला काही न कळणं. साहेब त्या फळीवर विश्वास ठेवायला तयारही असावेत. त्यांच्या थांबण्यात नकार नव्हता.

धाकटीच्या मांडीवर एक बोट दुमडलेलं होतं. भोंगा मधेच थांबला होता ना.

तिनं डोळे उघडले आणि आवाज होता तिकडे वळली. साहेबांचा चेहरा कुठंच नव्हता. बाजूला दाराची चौकट होती, भोंग्याचा खांदा होता.

"शिकवत नाहीये मी, साहेब," ती म्हणाली. "मला दिसत नाही. सकाळची चूक घाईनं झाली नाही, दिसलं नाही म्हणून झाली. बरेच दिवस झाले. कुणाला बोलले नव्हते." मग ती पुन्हा खिडकीकडे वळली आणि हात मांडीवर ठेवले. "तुम्ही वाचा, भोंगा. ‘ये’ राहिलाय."